मशीनचा आकडा आणि बाभळीचा काटा

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून लिहिते आहे. माझे मामाजी, म्हणजे सासरे, 61 वर्षांचे आहेत. शुगर निघून अकरा वर्षं झाली. गोळ्या रोज घेतात. पाच एकर वावर आहे, कपाशी आणि तूर. अजून स्वतः डवरा धरतात. मागच्या महिन्यात तालुक्याला फुकट तपासणीचं शिबिर होतं. तिथे पायाला मशीन लावली. उजव्या पायाचा आकडा 31 आला, डाव्याचा 28. कागदावर लाल शाईने 'हाय रिस्क' लिहून दिलं. तिथला माणूस म्हणाला, पाच वर्षांत पाय कापावा लागू शकतो, साडेचार हजारांचे बूट आणि नसांची पावडर घ्या. तेवढे पैसे नव्हते म्हणून घेतलं नाही. तेव्हापासून मामाजी गप्प आहेत. "कापाचाच हाय तं आता कायले पथ्य पाळू?" म्हणतात. खरंच पाच वर्षं आधी असं सांगता येतं का? आकडा कमी करायला काय करावं? तसा आज त्यांना काही त्रास नाही. आधी रात्री तळपायाची आग व्हायची, तीसुद्धा दोन वर्षांपासून बंद आहे. तीन वर्षांआधी उजव्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला होता, ते भरायला दिवाळीपासून होळी लागली, पण आता चांगलं आहे. दरवर्षी शेगावला पायी जातात, अनवाणी. यंदाही जायचं म्हणतात.

– एक सून

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझाही डोळा त्या 31 वरच अडकला. दुसऱ्या वाचनात शेवटच्या चार ओळींपाशी थांबले. "तसा काही त्रास नाही" म्हणून तुम्ही जे भराभर उरकलंत, मामाजींच्या पायाचं भविष्य त्यात जास्त आहे. मशीनच्या आकड्यात थोडं आहे, काट्यात बरंच आहे.

आधी मशीन. तिचं नाव बायोथेसिओमीटर. पायाला टेकवलेली एक दांडी थरथरते, तपासणारा हळूहळू थरथर वाढवतो आणि माणूस "आता कळलं" म्हणाला की तिथला आकडा लिहितो. तो व्होल्टमध्ये असतो. 15 च्या आत असेल तर ठीक, 25 च्या वर गेला तर पाय जोखमीचा धरतात. मामाजींना 31 पर्यंत काही कळलं नाही, म्हणजे पायाच्या नसा बऱ्याच मंद झाल्या आहेत. एवढंच त्याचं म्हणणं. वयाप्रमाणे हा आकडा थोडा वाढतोच, दांडी कशी टेकवली यावरही हलतो, आणि शिबिराच्या गर्दीत मागचा माणूस ढकलत असताना घेतलेल्या आकड्याबद्दल तर मी काय बोलू. पण 31 आणि 28 हे दोन्ही पायांचे आकडे रेघेच्या पलीकडे आहेत, तेव्हा मी ते खोटे धरणार नाही.

आता "पाच वर्षांत पाय कापावा लागेल" याचं. 25 ची ती रेघ कुठून आली, त्यामागचा एक जुना अभ्यास 1994 साली इंग्लंडमधून छापून आला. ज्यांचा आकडा 25 च्या वर होता त्यांच्यातल्या शंभरात सुमारे 20 जणांना पुढच्या चार वर्षांत पायाला जखम झाली. 15 च्या आत होता त्यांच्यात शंभरात 3 जणांना. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच उलट्या बाजूने वाचा: आकडा वाईट असूनही शंभरातल्या 80 जणांना चार वर्षांत जखम झालीच नाही. आणि ही गोष्ट जखमेची आहे, कापण्याची नाही. मधुमेहात पाय किंवा बोट कापायची वेळ येते तेव्हा शंभरातल्या साधारण 85 वेळा आधी एक साधी, लहानशी, दुर्लक्ष झालेली जखम असते. त्या शिबिरातल्या माणसाने सुन्न पायावरून थेट कापण्यावर उडी मारली आणि मधली सगळी वाट गाळून टाकली. उपचार होतात ते त्या मधल्या वाटेवर.

तुमच्याकडे कपाशीत कामगंध सापळे लावता ना, मादीच्या वासाने पतंग ओढणारे? एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की गुलाबी बोंडअळीची फवारणी काढा, असं कृषी सहायक सांगतो. पण कोणत्या झाडाचं कोणतं बोंड किडणार, हे सापळा सांगत नाही. आता वावरात रोज चक्कर मारा, बोंडं फोडून पाहा, एवढं तो सांगतो. पायाचं भाकीत तसंच असतं. ते शंभर जणांबद्दल बोलतं. एका मामाजींचं नाव घेऊन "पाच वर्षं" म्हणणारा माणूस बूट विकत होता.

आता काटा. पायाच्या बाबतीत पुढचं सांगणाऱ्या गोष्टींत सगळ्यात जड गोष्ट म्हणजे आधी होऊन गेलेली जखम. एकदा मधुमेही पायाला जखम होऊन भरली, की वर्षाच्या आत शंभरातल्या जवळपास 40 जणांना पुन्हा होते, तीन वर्षांत 60 जणांना, पाच वर्षांत 65 जणांना. आकडे पाहा, सगळ्यात उभी चढण पहिल्या वर्षात आहे. मामाजी ती चढण चढून आले, तीन वर्षं झाली, हे मोठंच आहे. पण "आता चांगलं आहे" हे वाक्य मला पुरत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत म्हणजे चार-पाच महिने. ज्या माणसाचा पाय नीट असतो त्याचा मोडलेला काटा काढला की दहा-पंधरा दिवसांत विषय संपतो.

जगभरच्या हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून काही डॉक्टरांनी एक सोपा हिशेब मांडला आहे. त्यात मशीन लागत नाही, फक्त तीन प्रश्न आहेत. नायलॉनच्या बारीक तारेचा स्पर्श पायाला कळत नसेल तर एक गुण. पायाच्या नाडीचे ठोके लागत नसतील तर एक गुण. आधी जखम झाली असेल किंवा बोट कापलं असेल तर दोन गुण. एकही गुण नसलेल्यांत दोन वर्षांत शंभरातल्या दोन-तीन जणांना जखम होते. तीन गुण असलेल्यांत 29 जणांना, चार गुण असतील तर 51 जणांना. हे रुग्ण बहुतेक युरोप-अमेरिकेतले, मोजे-बूट घालणारे. तुरीच्या खुंटांतून चालणारे नव्हेत, हे ध्यानात ठेवा.

मामाजींचे काट्याचे दोन गुण आजच पक्के आहेत. मशीनवरून दिसतं की स्पर्शाचा एक गुणसुद्धा बहुधा मिळेल. म्हणजे तीन. चौथा आहे की नाही, यावर 29 आणि 51 चा फरक पडतो, आणि नेमकं तेच शिबिरात कुणी पाहिलं नाही. निदान तुमच्या पत्रात तसं नाही. नाडी बोटांनी पाहायची असते, त्याला एक रुपया लागत नाही. मग मशीन घेऊन आलेल्यांनी ती का पाहिली नसेल, हे तुम्हीच ओळखा.

मी आकडे सांगून तुम्हाला त्या माणसापेक्षा जास्त घाबरवलं की काय, असं वाटेल. पण या आकड्यांचा उपयोग एकच आहे: पाय किती दिवसांनी कुणाला दाखवायचा ते ठरवणं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने ते बांधून दिलं आहे. पाय सुन्न नाही आणि रक्तपुरवठा ठीक, तर वर्षातून एकदा. यातलं एक बिघडलं तर सहा महिने ते वर्ष. दोन्ही बिघडलं, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार वाकडा झाला असेल, तर तीन ते सहा महिने. आणि सुन्न पायाला आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिने. मामाजी या शेवटच्या ओळीत बसतात. 'हाय रिस्क' याचा अर्थ पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कपाशीचा हंगाम संपेपर्यंत, निदान तीन-चार वेळा कुणा जाणत्याने पाय हातात घेऊन पाहायला हवा. लाल शाईत हे वाक्य लिहिलं असतं तर कागद कामाचा झाला असता.

तळपायाची आग बंद झाली, ही तुम्हाला चांगली बातमी वाटली. कुणालाही वाटेल. ओपीडीत कितीतरी जण खुशीने सांगायचे, "मॅडम, झिणझिण्या गेल्या, आता मस्त वाटते." शुगर चांगली ताब्यात आली म्हणून आग कमी झाली असेल तर खरंच चांगलं. पण अकरा वर्षांचा मधुमेह, वर 31 चा आकडा, आणि आग आपोआप बंद, यावरून मला तरी असं दिसतं की कुरकुर करणाऱ्या नसाच आता गप्प झाल्या आहेत. जळणाऱ्या पायाची माणूस काळजी घेतो, उठून पाहतो, बायकोला सांगतो. सुन्न पायाची कुणाला आठवणही राहत नाही.

एक गडी आठवतो. ऑगस्टमध्ये फवारणी करून, गमबूट घालूनच दवाखान्यात आला होता, तापासाठी. तपासायला बूट काढायला लावले तर डाव्या बुटातून फवारणी पंपाचं वायसर टपकन फरशीवर पडलं. सकाळी सातपासून ते टाचेखाली होतं. टाचेवर वायसराची गोल खूण, मधल्या भोकासकट, शिक्का मारल्यासारखी, आणि एका कडेला कातडी फाटलेली. ताप त्या कडेतून आला होता. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं विषबाधा झाली.

आता घरी तुम्ही काय करू शकता ते सांगते. नायलॉनची तार नसली तरी बोट आहे. मामाजींना बाजेवर पाय लांब करून झोपवा, डोळे मिटायला सांगा. डोळे खरंच मिटलेत का ते पाहा, कारण पुरुष मंडळी या परीक्षेत सर्रास कॉपी करतात. तुमच्या तर्जनीचं टोक पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद टेकवा, एक-दोन सेकंद, पिसासारखं. दाबायचं नाही, घासायचं नाही, टिचकी मारायची नाही. कळलं तर त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. आधी उजव्या पायाचा अंगठा, मग करंगळी. मग डाव्याचा अंगठा, करंगळी. मग उजव्याचं मधलं बोट, डाव्याचं मधलं बोट. एका बोटाला एकदाच, "आता कळलं का, आता?" असं नाही. सासूबाई शेजारी बसून "अवं, सांगा नं, लावलं तिनं" म्हणणार असतील तर त्यांना चहा ठेवायला पाठवा. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय सुन्न आहे असं धरायचं. हा बोटाचा खेळ इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या दवाखान्यातून निघाला, आणि नायलॉनच्या तारेच्या तपासणीशी चांगला जुळतो. तो कोणीही करू शकतं. आशाताईला दाखवून ठेवा, गावातल्या बाकीच्या शुगरवाल्यांना उपयोग होईल.

नाडी मात्र जाणत्या बोटांनी पाहिलेली बरी. एक ठोका पायाच्या वरच्या बाजूला लागतो, दुसरा आतल्या घोट्याच्या मागे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना "पायाच्या दोन्ही नाड्या पाहून कागदावर लिहून द्या" असं स्पष्ट सांगा. नुसतं "पाय पाहा" म्हटलं तर वरून पाहून सोडून देतात, ओपीडीत ऐंशी माणसं उभी असतात, त्यांचाही दोष नाही. ठोके लागले नाहीत किंवा शंका आली तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर सेवाग्रामला जा. तिथे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार काढतात. तो 0.9 च्या खाली आला तर पायाला रक्त कमी पोचतंय. शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कधीकधी चुना बसल्यासारख्या कडक होतात आणि हा भागाकार खोटा चांगला येतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांना पायाच्या अंगठ्याचा दाबही पाहावासा वाटला तर नाही म्हणू नका. मामाजी बिडी ओढत असतील तर मी इथे एकच म्हणते: सुन्न पायाला रक्त तरी पुरलं पाहिजे. खर्ऱ्यातल्या तंबाखूलाही मी सूट देत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, आकडा कमी कसा करायचा. 31 चा 20 होईल अशी आशा धरू नका. मेलेल्या नसा पावडरीने उठत नाहीत, कुठल्याही. डॉक्टर देतात त्या नसांच्या गोळ्या आग आणि वेदना कमी करायला असतात, सुन्नपणा त्यांनी जात नाही. मामाजींना आज आग नाही, म्हणजे त्या गोळ्यांचंही काम नाही. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवल्याने पुढची झीज हळू होते, त्यासाठी शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीए1सी) करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या अंगात बी-12 कमी पडू शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात, तेव्हा ती एक तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या. ते कमी निघालं तर भरून काढता येतं. सुन्नपणातला तेवढा भाग परत मिळाला तर मिळाला.

खरं काम चपलेचं आणि नजरेचं आहे, आणि ते आपल्या विदर्भाला नवं नाही. कुष्ठरोगात पायाचं नेमकं हेच होतं. नसा मरतात, दुखणं जातं, आणि माणूस दुखत नसलेल्या जखमेवर चालत राहतो. बोटं "झडतात" असं लोक म्हणायचे, ती झडत नव्हती, न कळलेल्या जखमांनी जायची. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हातपाय वर्षानुवर्षं पाहून हे दाखवून दिलं, आणि सुन्न पाय सांभाळायची तीच समज पुढे मधुमेहींच्या पायाला लागू झाली. आपल्याकडे दत्तपूर, आनंदवन इथे कुष्ठरुग्णांमध्ये कामं उभी राहिली, सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. मऊ एमसीआर रबराची चप्पल आपल्या मोठ्या दवाखान्यांना माहीत आहे ती कुष्ठरोगामुळे. शुगरवाल्याला "एमसीआर चप्पल घ्या" म्हटलं की काही घरांतून अजून कुजबुज होते, "ते तं त्या रोगाची चप्पल." होय, तीच. सुन्न पायाला रोगाचं नाव कळत नाही.

साडेचार हजारांचे बूट नसले तरी चालेल, पण चपलेत चार गोष्टी बघा. आत मऊ एमसीआरचा थर, खाली कडक तळ, टाचेला मागून पट्टा, आणि अंगठ्याजवळ रुतणारी पट्टी नको. नुसत्या मऊ रबरातून बाभळीचा काटा सुईसारखा वर येतो, म्हणून तळाला टायरचा तुकडा मोचीकडून ठोकून नको, चिकटवून आणि शिवून घ्या. खिळा नाही मारायचा, तो झिजून आत निघतो. मापासाठी संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, कागदावर पाय ठेवून पेन्सिलने रेघ ओढा, कागद कापा आणि चपलेत टाका. कागद कडेला दुमडला तर चप्पल आखूड आहे, मामाजी "फिट बसते" म्हणोत की काही म्हणोत. सुन्न पायाला घट्ट चप्पलच बरी वाटते, कारण तेवढीच कळते. आणि रोज संध्याकाळी चप्पल उलटी करून तळातले काटे पकडीने उपटायचे. हे काम नातवाला द्या, पोरं आवडीने करतात.

धोका बारा महिने एकसारखा नसतो. मे महिन्यात दुपारी अंगणातली फरशी आणि उन्हात काढून ठेवलेली रबरी चप्पल, दोन्हींनी तळपायाला फोड येतात, कळतही नाही. पावसाळ्यात चिखलात ओले बूट, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, आणि त्यातून आत शिरणारं विष. बेचकी फडक्याने टिपून कोरडी ठेवायची. तेल लावा, पण टाचेला, बेचकीत नाही. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या वावरात सोयाबीन सोंगलेलं असतं, त्याचे तिरपे खुंट चाकूसारखे असतात. थंडीत शेकोटी, आणि दुखणाऱ्या गुडघ्यासाठी ठेवलेलं गरम पाणी. पाणी तुमच्या कोपराने बघा, त्यांच्या पायाने नको. भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवला की उंदीर येतात, आणि सुन्न बोटं उंदीर रात्री कुरतडतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण अशी रक्ताळलेली करंगळी घेऊन सकाळी आलेली माणसं मी एकाहून जास्त पाहिली आहेत. त्यांना जाग आली नव्हती. कापूस घरात असेतो मामाजींनी मोजे घालून, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं.

घरी रोज संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की पाय पाहायचा. त्यांना वाकून तळवा दिसत नसेल तर सासूबाई पाहतील, नाहीतर जमिनीवर आरसा. दोन्ही पायांवर हाताची पाठ फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर ती सूचना आहे. थर्मामीटरने केलेल्या अभ्यासांत 2.2 अंश सेल्सिअसचा फरक धोक्याचा धरला आहे. पाय गरम, लाल, सुजलेला, पण दुखत नाही आणि जखमही नाही, असं कधी दिसलं तर मुरगळला म्हणून चोळू नका आणि चालू देऊ नका. सुन्न पायातली हाडं आतून मोडत असतात तेव्हा असं दिसतं, त्याला शार्को पाय म्हणतात. तेव्हा पायावर वजन टाकत राहिलं की तळव्याची कमान बसते आणि मग जन्मभर चुकीच्या जागी दाब येतो. बाजेवर झोपवा, गाडी बोलवा.

कातडी फुटली तर हळद-चुना, तंबाखू, घासलेट काही नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं फडकं बांधा, आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. वेचणी चालू आहे, पोळा आहे, बाजारचा दिवस आहे, मुलीकडचे पाहुणे येणार आहेत, यातलं काही ऐकायचं नाही. वास आला, बोट काळं पडलं किंवा ताप आला तर रात्रीसुद्धा निघा.

शेगावची वारी. इथे मी डॉक्टर म्हणून कडक आहे आणि घरातली बाई म्हणून मला वाईटही वाटतं, कारण माझ्याही वडिलांना मी एका वर्षी अडवलं होतं आणि ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नव्हते. सुन्न, आधी जखम झालेल्या पायाने, डांबरावरून, अनवाणी, दिवसच्या दिवस चालायचं, याला मी हो म्हणू शकत नाही. चप्पल घालून चालतो म्हणाले तरी यंदा नाही, आधी नाडी कळू द्या. यंदा बसने जाऊ द्या, दर्शनाच्या रांगेत मोजे घालून उभं राहू द्या. नवस असेल तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाला पायी फेडता येतो, आमच्याकडे तसंच केलं होतं, माझा भाऊ गेला.

"कापाचाच हाय तं कायले पथ्य पाळू" याला उत्तर म्हणून तुम्ही त्यांना समजावत बसू नका, सुनेचं ऐकतील असं वाटत नाही. पण सापळ्यातले पतंग मोजणारा माणूस आहे तो. एक वही द्या. रोज संध्याकाळी तारीख, उजवा पाय, डावा पाय, गरम-थंड, नवीन काही. आठ पतंग पडले की फवारणी काढायची हे ज्याला पटतं, त्याला वहीत काहीतरी पडलं की दवाखान्यात जायचं हेही पटेल. निदान ती वही घेऊन ते दवाखान्यात आले तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असेल.

आणि हे वाचून झालं की आजच एक करा. उजव्या अंगठ्याखाली, काटा मोडला होता तिथे, बोट फिरवून पाहा. भरलेल्या जखमेच्या जागी कातडी जाड होऊन घट्टा धरते, आणि चालताना तो घट्टाच दगडासारखा आत दाबतो. कातडी मऊ असेल तर पुढच्या आठवड्यात सवडीने नाडी दाखवायला जा. घट्टा हाताला लागला तर ब्लेडने, कॉर्नपट्टीने काही करू नका, दोन-चार दिवसांतच जाऊन तो डॉक्टरांकडून घासून घ्या. घट्ट्याखाली काळपट-तपकिरी डाग दिसला तर आत रक्त साचलंय, मग उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, आणि मामाजींना दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंतही चालवू नका.